साडेपाचशे वॅट

यादी पहिल्यांदा लिहिली फिजिक्सच्या वहीत, मागच्या पानावर.
चाळीस हजार. वर एक रुपया नाही,
कारण चाळीस हा आकडा बाबांनी स्वतःच्या तोंडाने उच्चारला होता
आणि त्यातले अकरा माझे,
खारेगावच्या तीन भावंडांना पाढे शिकवून जमवलेले.

मग खोडाखोड.
प्रोसेसर सहा कोअरचा. शेजारी आठचा लिहून बघितला;
त्यावर काट मारताना पेन जरा जोरातच दाबलं गेलं.
सहातलाही तो, ज्याला स्वतःहून चित्र काढता येत नाही.
दीड हजार वाचतात, आणि कार्ड तर येणारच आहे.
रॅम सोळा, आठ-आठच्या दोन पट्ट्या.
बोर्ड असा की पुढे कधीतरी, नोकरीबिकरी लागल्यावर,
त्याच खाचेत मोठा प्रोसेसर बसेल
(भविष्यकाळाचे सातशे रुपये जास्त पडतात).
रंगीत दिव्यांचा पंखा नको. काचेची बाजू नको.
कार्ड सेकंडहँड, कौशाच्या झुबेरकडचं, तेरा हजार.
यावर फक्त क्रिकेट खेळलोय, तो म्हणाला, आईशप्पथ.

बेरीज त्रेचाळीस हजार सातशे.
कुठूनही कापलं तरी
तीन-चार हजार परत उगवायचे, नखांसारखे.

सगळ्यात खाली एसएमपीएस.
तो कुणाला दिसत नाही, खेळात एक फ्रेम वाढवत नाही,
म्हणून तिथे लिहिलं होतं: कुठलाही, नऊशे.

बाबांनी चष्मा लावला.
एकोणतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस
अनोळखी घरची लग्नपत्रिका वाचावी तशी
एकेक नाव वाचत खाली आला
आणि नऊशेवर बोट ठेवून थांबला.

"हे काय करतं?"
"भिंतीतला करंट घेऊन सगळ्यांना वाटतं."
"सगळ्यांना?"
"हो."
"आणि हेच सगळ्यात स्वस्त?"

तांडेलकाकांचं नाव त्यांनी काढलं नाही.
विटाव्याचा तो डीपी, ठेकेदाराने फ्यूजमागे वाचवलेले दोनशे रुपये,
काहीच नाही.
तांडेलकाका अजून दिवाळीला येतात,
चहाचा कप डाव्या हाताने उचलतात.
बाबांनी माझं पेन घेतलं आणि ड्यूटीच्या रजिस्टरमधल्या
त्या तिरक्या अक्षरात लिहिलं:
साडेपाचशे वॅट. चांगला. पक्क्या बिलासकट.
"बाकी कुठूनही काप, रेवे. इथून नाही."

चांगला म्हणजे चार हजार दोनशे.
कॅबिनेट गेलं.
झुबेरला आठ हजार दोनशे बयाणा;
बाकीचे चार हजार आठशे मिळेपर्यंत कार्ड कौशातच.
मी दोन दिवस बाबांशी नीट बोलले नाही.

ठाण्याहून रिक्षात मांडीवर दोन पिशव्या घेऊन आलो.
घरी दाराशी एक पेटी उभी होती,
थ्री-फेज मीटरची, भंगारवाल्याकडून शंभराला उचललेली.
रविवारभर बाल्कनीत ड्रिल चालू.
खालच्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकू दोनदा वर येऊन गेल्या.
बाबांनी कडा कानशीने घासल्या, जाळी ठोकली,
एक हिरवी वायर अर्थिंगला जोडली,
कुणी मागितली नव्हती ती.
दारावरची कवटी आणि ४४० व्होल्ट खरवडायला निघाले,
तेव्हा मी म्हटलं, राहू दे.

रात्री साडेअकराला बटण दाबलं.
पंखा फिरला.
पडदा काळा. काळाच असणार होता, मला माहीत होतं,
तरी मी पडद्याकडे बघत होते
आणि बाबा पेटीकडे.
टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही.
"हे बरंय," म्हणाले.
मग उलट्या हाताने जाळीपाशी वारा चाचपला,
ताप बघावा तसा.

"आणि गेम?"
"चार हजार आठशे."
"हं."

त्यांनी बंद केलं.
चप्पल घालून कचरा खाली टाकून आले, हात धुतले,
आणि मी झोपले असं समजून
परत एकदा चालू केलं.